लहान महाविद्यालयात राहून अ‍ॅक्चुअरियल सायन्सचा अभ्यास कसा करावा

इंदूरच्या एखाद्या लहान महाविद्यालयात शिकत असताना अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विमा व पेन्शनमधील जोखमीचा गणिताने हिशेब करणारा तज्ज्ञ, होण्याचे मनात असेल, तर एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी: हा व्यवसाय महाविद्यालयाच्या पदवीवर नव्हे, तर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षांवर उभा आहे. त्यामुळे आपल्या महाविद्यालयात अ‍ॅक्चुअरियल सायन्स नावाचा अभ्यासक्रम नाही, एवढ्याच कारणाने मुंबई-पुण्याकडे धाव घेण्याची गरज नाही. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन संस्थेचे विद्यार्थी-सदस्य होता येते आणि पदवीचा अभ्यास चालू ठेवूनच पुढचे पेपर देता येतात.

पदवीसाठी गणित मुख्य विषय घ्यावा आणि सोबत सांख्यिकी मिळत असेल तर ती सोडू नये. ती नसल्यास अर्थशास्त्र घ्यावे, कारण संस्थेच्या सीबी२ या पेपरात तोच विषय आहे.

पेपरांची सुरुवात सीएस१ पासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यात संभाव्यता आणि सांख्यिकी आहे, आणि पुढचे बहुतेक सारे त्यावरच रचलेले आहे. सूत्रे पाठ करण्याऐवजी विम्याचे साधे उदाहरण सोडवून पाहावे. समजा, एक हजार लोकांनी प्रत्येकी दहा लाखांचा एक वर्षाचा विमा घेतला आणि प्रत्येकाच्या मृत्यूची संभाव्यता हजारात एक आहे. सरासरी एक मृत्यू अपेक्षित असल्याने खर्च व नफा वगळता प्रत्येकी हजार रुपये हप्ता पुरेसा वाटतो. परंतु पॉयसाँ वितरणाने (क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील याची संभाव्यता देणाऱ्या सूत्राने) हिशेब केला, तर दोन किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते, म्हणजे जमा रक्कम अपुरी पडण्याचा धोका चारात एकाहून थोडा अधिक असतो. हेच एक लाख लोकांसाठी करावे: अपेक्षित मृत्यू १००, प्रमाण विचलन (प्रत्यक्ष आकडा सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचे माप) सुमारे १०. एक हजारांच्या गटात हे विचलन सरासरीइतकेच होते. येथे ते सरासरीच्या दहाव्या हिश्श्यावर आले. विमा कंपनीला मोठा समूह का हवा असतो, हे या एका गणितातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्या वाचून होत नाही. आपल्या सांख्यिकीच्या सरांना वा मॅडमना असे प्रश्न घेऊन भेटावे. विमा हा त्यांचा विषय नसला तरी संभाव्यता त्यांचीच आहे, आणि लहान महाविद्यालयात शिक्षक सहज भेटतात, हा फार मोठा लाभ आहे.

त्यानंतर सीएम१ घ्यावा. येथे व्याज आणि आयुर्मान एकत्र येतात. वीस वर्षांनी मिळणाऱ्या दहा लाखांची किंमत सात टक्के दराने आज २,५८,४१९ रुपये होते, हे हाताने काढता येऊ लागले की मृत्युसारणी, म्हणजे प्रत्येक वयाला मृत्यूची संभाव्यता देणारा तक्ता, समोर घ्यावी. भारतीय विमाधारकांची २०१२-१४ ची सारणी सरावास योग्य आहे. या पेपराचा एक भाग एक्सेलवर आणि सीएस१ चा एक भाग आर या संगणकभाषेत असतो. आर विनामूल्य आहे आणि त्यासाठी जुना संगणकही चालतो, मात्र आर पहिल्या महिन्यापासून रोज उघडले पाहिजे.

एका सत्रात एकच पेपर द्यावा. उत्तरे इंग्रजीत लिहायची असल्याने मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्यांनी रोज एका उत्तराचे कारण चार इंग्रजी वाक्यांत मांडण्याचा सराव ठेवावा. घरच्यांनाही आरंभीच सांगावे की सीएप्रमाणेच येथेही अनेक वर्षे लागतात. तसे केले नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उगाच ताण निर्माण होतो.

सरावासाठी घरच्या कपाटातील जुनी एंडोमेंट पॉलिसी (मुदतीअखेर हयात असल्यासही रक्कम देणारा विमा) काढावी. भरलेले हप्ते तारखांसह एक्सेलमध्ये उतरवावेत, मुदतीअखेर मिळणारी रक्कम शेवटी लिहावी आणि दोन्ही बाजू कोणत्या व्याजदराने जुळतात ते शोधावे. मग विम्याच्या संरक्षणाची किंमत मृत्युसारणीवरून वेगळी काढून तोच दर पुन्हा काढावा, आणि दोन उत्तरांतील फरक कशामुळे पडला हे स्वतःच्या शब्दांत लिहून शिक्षकांना दाखवावे.