कर सल्लागाराच्या ऑफिसात पाच दिवसांचा आठवडा कसा बसवावा

सहा दिवस आठ-आठ तास चालणाऱ्या ऑफिसाला शनिवारी कुलूप लावलं आणि उरलेले पाच दिवस साडेनऊ तासांचे केले, तर तास जवळपास तेवढेच राहतात, फक्त दमणूक वाढते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हाही रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढवली होती. खरी कपात म्हणजे ४८ चे ४० तास, पगार तोच. त्यासाठी माणशी आठवड्याला आठ तासांचं काम आधी कमी करावं लागतं, सुट्टी त्यानंतर.

आधी दोन आठवडे प्रत्येकाने अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवावी. वेळ कुठे जातो ते कागदावर आलं की दिसतं: एकेक करून आलेले बिलांचे फोटो, पीडीएफ बँक स्टेटमेंट हाताने टाइप करणं, आणि २बी ची (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल दर महिन्याला बनवतं त्या खरेदीच्या पत्रकाची) जुळवणी दोनदा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महाग पडते. २बी १४ तारखेला तयार होतं. त्यानंतर खरेदीची बिलं येत राहिली की २० तारखेच्या ३बी साठी (कर भरण्याच्या मासिक विवरणपत्रासाठी) सगळं पुन्हा तपासावं लागतं.

म्हणून पक्षकारांना लेखी कळवा: बिलं ५ तारखेपर्यंत एकत्र, स्टेटमेंट एक्सेलमध्ये. उशिरा आलेल्या खरेदीच्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) पुढच्या महिन्यात घेता येतं. विक्रीचं बिल मात्र तसं ढकलता येत नाही, ते ११ तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, गेलंच पाहिजे. पाठपुरावा करायचा तो विक्रीच्या बिलांचा.

सगळ्यांना एकदम शनिवार देऊ नका. दुकानदार कागद घेऊन त्याच दिवशी येतात. निम्म्यांना शनिवार, निम्म्यांना सोमवार द्या आणि दर महिन्याला बदला. रविवार जोडून आल्याने दोघांनाही सलग दोन दिवस मिळतात. प्रत्येक पक्षकारामागे दोन गटांतला एकेक माणूस अशी जोडी हवी. निघताना पंधरा मिनिटं काढून शीटवर लिहायचं: काय आलं, काय अडलंय, कोणाकडून यायचंय. ही शीट नसली की सुट्टीवरच्या माणसाला फोन जातो, आणि दोन-तीन फोनांनंतर ती सुट्टी नावापुरतीच राहते.

१४ ते २० या दिवसांत सुट्टी रद्द करण्याचा मोह होईल. रद्द करू नका, बदलून द्या, तीही पंधरा दिवसांच्या आत.

भांडणं होतात ती नियम लिहिलेले नसल्यामुळे. मधल्या वारी सण आला तर साप्ताहिक सुट्टी राहणार का? साप्ताहिक सुट्टीच्या दोन्ही बाजूंना रजा घेतली तर मधले दोन दिवस रजेत धरणार का? धरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिकाऊ मुलांनाही हाच नियम लागू करा.

सुरुवात नोव्हेंबरात करावी. लेखापरीक्षणाची विवरणपत्रं तोवर सहसा संपलेली असतात. मार्च आणि जुलै टाळा. तीन महिन्यांनी तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी, कारण या धंद्यात ऑक्टोबर आणि डिसेंबर सारखे नसतात. विलंब शुल्क, दुरुस्त्या, शेवटच्या दोन दिवसांत भरलेली विवरणपत्रं, रजा आणि राजीनामे एवढं मोजलं की पुरे. राजीनामे नक्की मोजा: ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ संस्थांनी पगार न कापता तास कमी केले, तेव्हा नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं. तिथेही आधी दोन महिने नुसती तयारीच चालली होती.