मुंबईहून शिडाच्या बोटीने कोकणातल्या खाड्यांत जायचंय?

पावसाळ्यात विषयच नाही, नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. दुपारी वायव्येचा वारा पाठीशी असतो त्यामुळे राजपुरी, दाभोळ, जयगडकडे उतरताना मजाच मजा, खरी कसोटी परतताना, तेव्हा पहाटेच निघा, जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो तोवर अंतर कापून घ्या.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असू शकतो, म्हणून आत शिरायचं ते भरती चढत असताना, रुतलात तरी पाणी वाढून बोट सुटते. ओहोटीत रुतलात की बसा सहा तास डबा खात! पूर्ण भरतीच्या वेळेचा अंदाज हवा तर तिथीची पाऊणपट करा, अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे साधारण सहा वाजता. नक्की वेळ मात्र टाइड टेबलमधूनच (भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातूनच) बघा.

आत डोंगर आडवे आले की वारा कधी गायब, कधी एकदम झोत, तेव्हा शीड आधीच कमी करा. नांगराची दोरी मोजताना भरती धरा: ओहोटीला 4 मीटर पाणी, वर 3 मीटर भरती, 1 मीटर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची, झाले 8, त्याच्या पाचपट म्हणजे 40 मीटर सोडा.

आणि रात्री खाडीत शिरू नका राव, डोल जाळ्यांचे (पाण्यात रोवून बांधलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट दिसत नाहीत.