घाटात रेंज गेली तरी रस्ता दाखवणारा फोन: आधी काय तयारी करावी

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे जाताना मध्येच रेंज जाते, नकाशा कोरा पडतो आणि जीपीएस बंद पडलं असं वाटतं. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. फोन ते नुसते ऐकतो. किमान चार उपग्रह सापडले की तुमची जागा काढतो. त्याला सिमही लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाला. म्हणून नकाशा घरीच, वाय-फायवर उतरवून घ्या.

आधी सेटिंग्जमध्ये लोकेशन चालू करा. गूगल मॅप्सच्या परवानगीत ‘अचूक लोकेशन’ चालू आहे ना, तेही बघा. ते बंद असेल तर फोन तुमचा फक्त अंदाजे परिसर सांगतो, आणि फाट्यावर डावीकडे की उजवीकडे हे त्यावरून कळत नाही. बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

आता गूगल मॅप्स उघडून वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टॅप करा, ‘ऑफलाइन नकाशे’मध्ये जा आणि स्वतःचा नकाशा निवडा. चौकट पुण्यापासून थेट मुक्कामाच्या गावापर्यंत ओढा. आजूबाजूचे तालुकेही घ्या, कारण वळसा घ्यावा लागला तर तेच उपयोगी पडतात. मग डाउनलोड करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: घरीच एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद करा आणि मार्ग काढून बघा. निघाला तर काम झालं.

ऑफलाइन असताना मार्ग फक्त गाडीचा मिळतो. पायी मार्ग किंवा ट्रॅफिक दिसत नाही. गडावर चढायचं असेल तर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड हे नकाशाचं ॲप घ्या, त्यांत बऱ्याच पायवाटाही असतात.

निघताना रेंज असतानाच मार्ग सुरू करा. उपग्रहांची प्राथमिक माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. रेंज नसली तर ती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते आणि निळा ठिपका यायला वेळ लागतो. अशा वेळी गाडी मोकळ्या आभाळाखाली थांबवा. दिशेचा बाण भलतीकडे वळला तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. चुंबकाचा होल्डर असेल तर आधी त्यातून काढा.

दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ते उतरवलेल्या नकाशाला कळत नाही. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा त्या बाजूने जाणार असाल तर भोरमध्येच चौकशी करून पुढे निघा.