परदेशी कर्मचाऱ्याचे प्रचलित वेतन कसे ठरवावे : अमेरिकेतील नियोक्त्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर (विशेष शिक्षण लागणाऱ्या कामांसाठीचा तात्पुरता व्हिसा) किंवा ग्रीन कार्डच्या पर्म प्रक्रियेतून (कायम नोकरीसाठी कामगार खात्याची मंजुरी घेण्याची पद्धत) परदेशी कर्मचारी नेमताना कायदा नियोक्त्याला विचारतो, की या परिसरात, अशाच कामासाठी, अशीच पात्रता लागणाऱ्या लोकांना सर्वसाधारणपणे किती पगार दिला जातो. या रकमेला ‘प्रिव्हेलिंग वेज’ म्हणजे प्रचलित वेतन म्हणतात. परदेशी माणूस स्वस्तात मिळतो म्हणून स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगार खाली ओढले जाऊ नयेत आणि त्या परदेशी माणसाच्या अडचणीचाही फायदा घेतला जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. पूर्वी या रकमेपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी पगार चालून जात असे. २००४ च्या एच-१बी व्हिसा सुधारणा कायद्याने ती सवलत काढून टाकली आणि पूर्ण शंभर टक्के रक्कम देणे बंधनकारक केले.

या कामात सर्वाधिक चुका आकडेमोडीत होत नाहीत, क्रमात होतात. आधी पगाराचा आकडा ठरवायचा, मग त्याला जुळेल अशी वेतनपातळी (सरकारी तक्त्यातील चार पायऱ्यांपैकी एक) शोधायची आणि शेवटी त्या पातळीत बसेल असे कामाचे वर्णन लिहायचे, हा उलटा प्रवास मी अनेक अर्जांत पाहिला आहे. तो बेकायदा ठरण्याचा धोका तर असतोच, शिवाय त्याचा भुर्दंड शेवटी त्या कर्मचाऱ्याला भरावा लागतो, कारण अर्ज फेटाळला गेला तर स्थलांतराची सगळी घडी त्याची विस्कटते. म्हणून आधी कामाचे वर्णन लिहावे आणि पगाराच्या तक्त्याकडे नंतर वळावे.

हे वर्णन पदाचे असते, व्यक्तीचे नव्हे. समोरच्या उमेदवाराकडे डॉक्टरेट आणि दहा वर्षांचा अनुभव असला, पण त्या पदासाठी खरोखर पदवी आणि एक वर्षाचा अनुभवच लागत असेल, तर वेतनपातळी त्या किमान अटींवरून ठरते. याच्या उलट, एखाद्या नवख्या उमेदवारासाठी जागा काढली, पण कामाच्या वर्णनात पाच वर्षांचा अनुभव आणि चार माणसांवर देखरेख असे लिहिले, तर पातळी वर जाणारच. तेव्हा किमान शिक्षण, शिक्षणाची शाखा, अनुभवाचे महिने, विशेष कौशल्ये, परवाने, देखरेखीची जबाबदारी आणि काम प्रत्यक्ष जिथे होणार ती जागा एवढ्या गोष्टी विभागप्रमुखाशी बोलून कागदावर आणाव्यात. ‘असले तर बरे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतला फरक या टप्प्यावर स्पष्ट झाला नाही, तर पुढे तो कोणीच स्पष्ट करू शकत नाही.

व्यवसायाचा संकेतांक आणि कामाची जागा

पुढचे काम म्हणजे हे पद स्टँडर्ड ऑक्युपेशनल क्लासिफिकेशन या सरकारी वर्गीकरणात कुठे बसते ते पाहणे. उदाहरणार्थ, सॉफ्टवेअर डेव्हलपरचा संकेतांक १५-१२५२ आहे. पदनामावर विसंबू नये. कंपन्या एकाच कामाला दहा नावे देतात. ओ-नेट या कामगार खात्याच्या माहितीसाठ्यात त्या संकेतांकाखाली दिलेली कामे वाचावीत आणि आपल्या वर्णनाशी ताडून पाहावीत. पद दोन व्यवसायांचे मिश्रण असेल, तर खात्याच्या मार्गदर्शनाप्रमाणे साधारणतः अधिक वेतनाचा व्यवसाय धरला जातो. दोन्हींपैकी स्वस्त संकेतांक निवडण्याचा मोह इथे फार होतो. कामातला मोठा भाग कोणता आहे याचे प्रामाणिक उत्तर द्यावे आणि निवडीमागचे कारण त्याच दिवशी टिपून ठेवावे.

जागेच्या बाबतीत कायद्याचा शब्द आहे ‘नियोजित रोजगाराचा परिसर’, म्हणजे कामाच्या ठिकाणापासून रोज ये-जा करता येईल एवढे क्षेत्र. त्यासाठी मैलांची ठरावीक मर्यादा नाही, मात्र एकाच महानगरीय सांख्यिकी क्षेत्रातील (सरकारने आखलेले, मोठे शहर आणि त्याच्या लगतचा भाग मिळून झालेले क्षेत्र) कोणतेही ठिकाण ये-जा करण्याच्या अंतरात मानले जाते. कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. कर्मचारी घरून काम करणार असेल, तर त्याचे घर हेच कामाचे ठिकाण, आणि वेतन त्या क्षेत्राचे. सॅन होजेसारखे महागडे शहर आणि एखादे लहान गाव यांच्या आकड्यांत मोठी तफावत असते, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ समजू नये.

पातळी कशी मोजतात

वेतनपातळ्या चार आहेत, आणि त्या कशा मोजायच्या याचा गुणांकन तक्ता कामगार खात्याच्या नोव्हेंबर २००९ च्या सुधारित मार्गदर्शनात दिलेला आहे. प्रत्येक पदाची सुरुवात एक गुणाने होते. त्यानंतर पदाच्या अटी ओ-नेटमधील त्या व्यवसायाच्या नेहमीच्या अटींशी ताडून अनुभव, शिक्षण, विशेष कौशल्ये आणि देखरेख यांसाठी गुण वाढवले जातात. बेरीज हीच पातळी. बेरीज चारच्या वर गेली तरी पातळी चौथीच राहते.

अनुभवाचा भाग सर्वांत नाजूक आहे. ओ-नेट प्रत्येक व्यवसायाला एक ते पाच यांपैकी एक ‘जॉब झोन’ देते. पदवी लागणारे बहुतेक व्यावसायिक काम चौथ्या झोनमध्ये येते, आणि त्या झोनमध्ये पदवीसह दोन वर्षांपर्यंतच्या अनुभवाला शून्य गुण, दोनहून अधिक ते तीन वर्षांपर्यंत एक गुण, तीनहून अधिक ते चार वर्षांपर्यंत दोन गुण आणि चार वर्षांहून अधिक अनुभवाला तीन गुण मिळतात. म्हणजे ‘पदवी आणि पाच वर्षे’ एवढी एकच अट पदाला थेट चौथ्या पातळीवर नेते. सवयीने पाच वर्षे लिहून टाकणाऱ्या नियोक्त्यांना हे पाहून धक्का बसतो, आणि बऱ्याचदा त्या कामाला अडीच वर्षेच पुरेशी असतात.

शिक्षणाची तुलना त्या व्यवसायात सर्वसाधारणपणे लागणाऱ्या शिक्षणाशी होते. नेहमी पदवी लागत असताना पदव्युत्तर पदवी मागितली तर एक गुण, डॉक्टरेट मागितली तर दोन. विशेष कौशल्यांबाबत मोजणाऱ्याची विवेकबुद्धी लागते : व्यवसायात नेहमीच वापरली जाणारी साधने किंवा तिथे प्रवेशासाठी लागणारा परवाना यांना गुण नसतात, कामाच्या स्वरूपाबाहेरची परकी भाषा मागितली तर सहसा एक गुण वाढतो, पण अनुवादकाकडे भाषा मागणे ही त्या कामाची मूळ गरजच असल्याने तिथे वाढत नाही. देखरेखीसाठी एक गुण आहे, मात्र व्यवस्थापकासारख्या पदात देखरेख अंगभूतच असल्याने तिथे तो दिला जात नाही.

सॉफ्टवेअर डेव्हलपरचे एक पद घेऊ. पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव अशी अट आहे, देखरेख नाही. मूळचा एक, अनुभवाचा एक आणि शिक्षणाचा एक मिळून तिसरी पातळी येते. त्याच पदावर दोन कनिष्ठांची देखरेख जोडली, तर चौथी. आणि ती पदव्युत्तर पदवी खरे तर आवश्यक नव्हती असे चर्चेत निघाले, तर देखरेख धरूनही पातळी तिसरीच राहते.

आकडा कुठून घ्यावा

कर्मचारी संघटनेशी झालेला सामूहिक करार त्या पदाला लागू असेल, तर त्यातले वेतन हेच प्रचलित वेतन, आणि पुढचा शोध तिथेच थांबतो. तसा करार नसेल तेव्हा बहुतेक जण श्रम सांख्यिकी विभागाच्या ओईडब्ल्यूएस या व्यवसायवार वेतन पाहणीचे आकडे वापरतात; २०२१ पर्यंत तिचे नाव ओईएस होते, आणि जुन्या कागदांत अजून तेच दिसते. हे आकडे कामगार खात्याच्या फ्लॅग संकेतस्थळावर संकेतांक आणि क्षेत्र निवडून पाहता येतात. त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, त्यामुळे जूनच्या अखेरीस काढलेला आकडा जुलैत अर्ज करताना पुन्हा तपासलाच पाहिजे. विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांच्यासाठी १९९८ च्या कायद्यानुसार वेगळी आकडेवारी आहे. त्यांनी सर्वसाधारण तक्ता वापरणे ही चूक ठरते.

चार पातळ्यांमागचे गणित २००४ च्या कायद्यात आहे : पहिल्या आणि चौथ्या पातळीतील फरकाला तीनने भागून तो भागाकार पहिल्या पातळीत मिळवला की दुसरी येते, आणि चौथीतून वजा केला की तिसरी. समजा, पहिली पातळी ७०,००० डॉलर आणि चौथी १,३०,००० डॉलर आहे. तर दुसरी ९०,००० आणि तिसरी १,१०,००० होईल. ताशी दर वार्षिक करायचा असेल तर त्याला २,०८० तासांनी गुणावे.

खासगी वेतन पाहणी वापरण्याचीही मुभा आहे, पण ती त्याच क्षेत्राची, त्याच कामाची, अलीकडची आणि सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य पद्धतीने केलेली असावी लागते. केवळ सरकारी आकडा जड वाटतो म्हणून पाहणी शोधू नये.

पर्मसाठी आकडा स्वतः ठरवता येत नाही. ईटीए-९१४१ अर्ज भरून नॅशनल प्रिव्हेलिंग वेज सेंटरकडून लेखी निर्धारण घ्यावे लागते, त्याला कित्येक महिने लागतात, आणि ते किमान ९० दिवस व जास्तीत जास्त एक वर्ष वैध असते. त्या मुदतीत भरतीची जाहिरात तरी सुरू झाली पाहिजे किंवा अर्ज तरी दाखल झाला पाहिजे. निर्धारण चुकीचे वाटले तर ३० दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो. एच-१बी आणि त्याच धर्तीचे एच-१बी१ व ई-३ हे व्हिसा यांच्यासाठी लागणाऱ्या एलसीए अर्जात (वेतन आणि कामाच्या अटींची हमी देणारा, कामगार खात्याकडे करायचा अर्ज) मात्र नियोक्ता स्वतः स्रोत निवडू शकतो. तिथेही सेंटरचे निर्धारण घेतले, तर खाते नंतर त्या आकड्यावर आक्षेप घेत नाही. स्वतः निवडलेल्या आकड्याला हे संरक्षण नसते. वेळ हाताशी असेल आणि संकेतांकाबाबत खरी शंका असेल, तेव्हा हा मार्ग घ्यावा असे माझे मत आहे.

आकडा मिळाल्यानंतर

एच-१बीमध्ये प्रचलित वेतन हा फक्त तळ आहे. त्याच ठिकाणी, त्याच कामावर, तशाच अनुभवाच्या आणि पात्रतेच्या इतर कर्मचाऱ्यांना कंपनी प्रत्यक्षात जे वेतन देते ते जास्त असेल, तर तेच द्यावे लागते. तुलना करताना आरोग्यविम्यासारखे लाभ पगारात धरता येत नाहीत, आणि हमी नसलेला बोनसही नाही. काम उपलब्ध नाही म्हणून कर्मचाऱ्याला बिनपगारी बसवून ठेवता येत नाही, तसेच एच-१बीच्या अर्जासाठीचा वकिलाचा खर्चही त्याच्याकडून वसूल करता येत नाही.

दरवर्षीच्या ठरावीक संख्येच्या मर्यादेत येणाऱ्या एच-१बी अर्जांची सोडतीने होणारी निवड फेब्रुवारी २०२६ पासून वेतनपातळीनुसार भारित झाली आहे : चौथ्या पातळीच्या नोंदणीला सोडतीत चार संधी, तिसरीला तीन, दुसरीला दोन आणि पहिलीला एक. इथे पाहिली जाणारी पातळी देऊ केलेला पगार ओईडब्ल्यूएसच्या कोणत्या रकमेपर्यंत पोहोचतो यावरून ठरते, गुणांकन तक्त्यावरून नव्हे. या दोन पातळ्यांची गल्लत करू नये, आणि फक्त संधी वाढवण्यासाठी पुढे देता येणार नाही असा पगार कागदावर लिहू नये.

एलसीए दाखल केल्यानंतर एका कामकाजी दिवसाच्या आत सार्वजनिक तपासणीची फाइल तयार हवी. त्यात देऊ केलेले वेतन, प्रत्यक्ष वेतन कसे ठरवले याचे स्पष्टीकरण आणि प्रचलित वेतनाचा पुरावा ठेवायचा असतो. संकेतस्थळावरील आकड्याची तारखेसह छापील प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी, आणि तिच्या मागे गुणांकन तक्ताही जोडावा. कर्मचारी पुढे दुसऱ्या महानगरीय क्षेत्रात काम करू लागणार असेल, तर त्याने जाण्यापूर्वी नव्या ठिकाणाचे वेतन तपासून नवी एलसीए आणि सुधारित अर्ज दाखल करावा.