डॉक्टरांकडे कुणासोबत जाताना

मिरजेत राहायचं म्हणजे जतपासून अथणीपर्यंत नात्यात कुणीही आजारी पडलं की पहिला फोन आपल्याला. "वहिनी, उद्या अण्णांना घेऊन येतोय, तुम्ही जरा सोबत चला." मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी इथे १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून या गावात निम्मे पेशंट आणि निम्मे त्यांच्यासोबत आलेले असावेत! तर हे सोबत जाणाऱ्यांसाठी.

आदल्या रात्री पेशंटजवळ बसा आणि कागदावर लिहून काढा. रिपोर्टातलं नको, ते फाईलमध्ये असतंच. घरात जे दिसतं ते लिहा. "बरेच दिवस दम लागतोय" यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. अण्णांच्या कागदावर असं होतं: 'साखर १२ वर्षं. दिवाळीनंतर जिना चढताना दम. आठ दिवस संध्याकाळी पाय सुजतात. रात्री आडवं झालं की घुसमटतं, दोन उशा लागतात.' खाली मान घालून लिहिणाऱ्या डॉक्टरांनी उशांचं ऐकलं आणि पेन बाजूला ठेवलं. आडवं पडल्यावर दम लागला तर हृदयाकडे बघावं लागतं, आणि ही गोष्ट एकाही रिपोर्टात नव्हती.

गोळ्यांची नावं पाठ करत बसू नका. "ती पांढरी, अर्धी" हे तर मुळीच नको. सगळी पाकिटं, बाटल्या पिशवीत भरून न्या आणि टेबलावर मांडा. त्यात वैद्यांची पुडी हवी, काढा हवा, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळीही हवी. आपल्याकडे नेमकी हीच लपवतात, डॉक्टर ओरडतील म्हणून. ओरडू देत. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी किडनीवर ताण येतो, अंगात पाणी साठतं, आणि रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाची भीती असते.

आत गेल्यावर आधी पेशंटला बोलू द्या. मुलगा आणि सून एकदम सुरू होतात, त्यांना आवरणं हेच सोबतच्या माणसाचं मोठं काम. राहिलेलं कागदावरून तुम्ही सांगा. मग विचारा: निदान पक्कं झालंय की अजून शोधायचंय? ही तपासणी केल्यावर उपचारात काय बदलेल? आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल? सूर साधा ठेवा. "यूट्यूबवर असं सांगतात" अशी सुरुवात केली की समोरचा माणूस मिटतो. उत्तर मिळालं की आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: "म्हणजे अंगातलं पाणी काढायची गोळी सकाळी, मीठ कमी, वजन रोज. बरोबर?" चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

ॲडमिट केलं तर राउंडची वेळ सिस्टरना विचारून ठेवा आणि डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस नेमा. नाहीतर रात्री पुण्याहून आलेला भाचा सगळं पहिल्यापासून विचारतो, डॉक्टर वैतागतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

सहीचं मात्र नीट समजून घ्या. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव वाचवण्याची घाई नसेल तर सज्ञान पेशंटचा होकार पेशंटनेच द्यायचा. तेव्हा "आणा इकडे, मी करते सही" म्हणून पुढे होऊ नका. कागद अण्णांना वाचून दाखवा, विचार करायला वेळ मागा.

घरी सोडताना 'काय झालं तर रात्रीसुद्धा आणायचं' हे विचारून डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या. अण्णांच्या कार्डावर आहे: तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर लगेच फोन. केसपेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या.