मन खचलं असेल तर बायबल कुठून उघडायचं

आमच्या मंडळीत दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच, की प्रार्थना होत नाही, बायबल घेऊन बसलं तरी नुसती अक्षरं दिसतात, आत काही उतरत नाही, मंग काय करावं. मी काही पाळक नाही, पऱ्हाटी अन् तूर पेरणारा माणूस आहे, पण २०१७ च्या बोंडअळीत आमचं वावर गेलं तेव्हा मीही असाच बसून होतो, म्हणून मला जे कामी आलं तेच सांगतो.

सुरुवातीलाच आनंदाची स्तोत्रं काढू नका, तेव्हा ती खोटी वाटतात. विलापगीत काढा, ३ रा अध्याय. बाबेलच्या फौजेनं यरुशलेम पाडलं, लेकरं उपाशी मेली, त्यावरचं रडणं आहे ते. देवाची दया रोज सकाळी नवी होते असं कॅलेंडरवर लिहिलेलं असते ना, ते इथलंच, २२ अन् २३ वं वचन. पण त्याच्या आधीची २० वचनं कोणी छापत नाही! त्यात तो माणूस म्हणते देवानं माझी वाट दगडांनी बुजवली, मी ओरडलो तर माझी प्रार्थना आत येऊ दिली नाही, खड्यांनी माझे दात पाडले. ते सगळं आधी वाचा, मोठ्यानं वाचा, घरात लोकं असतील तर वावरात जाऊन वाचा, अन् मंगच २२ व्याला या. देवाजवळ इतकं बोलता येते हे मला तिथंच कळलं.

मंग स्तोत्र ४२ अन् ४३ सोबत वाचा. त्यात स्तोत्र लिहिणारा स्वतःच्याच जिवाला तीनदा विचारते, तू काहून खचला, देवाची आशा धर. तीनदा, म्हणजे एकदा म्हणून त्याचंही भागलं नव्हतं. मी हे डवरणीच्या वेळी आपल्या बोलीत म्हणत होतो, काहून रे जिवा, काहून. दिवसाला एवढंच पुरे, अध्यायच्या अध्याय संपवायची घाई नको. डोळे साथ देत नसतील तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकता येते.

१ राजे १९ जरूर वाचा. एलिया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागते, अन् देवदूत त्याला उपदेश करत नाही, झोपू देते, दोनदा उठवून भाकर अन् पाणी देते. म्हणून उपास धरायच्या आधी पोटभर जेवा, झोपा. अन् जीव द्यायचा विचार मनात येत असेल तर आजच कोणाला तरी सांगा, पाळकाला अर्ध्या रात्री उठवा, नाहीतर मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येते. डॉक्टरकडे गेल्यानं विश्वास कमी होत नाही भाऊ, हे मी कळकळीनं सांगतो.

उपासनेला मात्र जात राहा, गाणं तोंडातून निघत नसलं तरी. मागच्या सतरंजीवर बसा, बाकीचे गातात, तेवढे दिवस त्यांचं गाणं तुमच्यासाठी आहे असं समजा. घरसभेत झांज अन् ढोलकी असली तर नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायला सांगा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एका प्रवाशानं नवा करार दिला होता, पुढं १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अन् त्यांची भजनं आपल्याच चालीची असल्यानं म्हाताऱ्या बायाही लगेच साथ धरतात.

शेवटी हबक्कूक ३, वचन १७ अन् १८. अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्षं नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात ढोरं नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं ते आहे. वहीत आपली यादी लिहा, पऱ्हाटीला बोंड नाही, सोयाबीन पिवळं पडलं, सोसायटीचं कर्ज तसंच, जे असेल ते. शेवटची "तरी" वाली ओळ त्या दिवशी लिहवत नसेल तर जागा कोरी ठेवा. माझी कोरी जागा दोन महिने तशीच होती, कापणीच्या उपासनेला वाटीभर तूर घेऊन गेलो त्या दिवशी ती भरली.