अमेरिकेत आईचं घर नर्सिंग होमच्या खर्चापासून कसं वाचवावं

‘घर मुलांच्या नावावर करून टाका, म्हणजे काळजी मिटली.’ न्यू जर्सीत मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात हा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. कृपा करून तो ऐकू नका. नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्धांना कायम ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेचा, खर्च शिल्लक संपलेल्यांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना उचलते. 2006 पासून ती अर्जाच्या आधीच्या 60 महिन्यांतले सगळे व्यवहार तपासते. त्या काळात घर बक्षीस दिलं असेल तर त्याच्या किमतीच्या हिशेबाने ठरावीक काळ मदत नाकारली जाते. हा दंडाचा काळ बक्षीस दिल्या दिवसापासून मोजत नाहीत. आई नर्सिंग होममध्ये गेली, तिची शिल्लक संपली, की मग तो सुरू होतो. म्हणजे हातात काहीच उरलेलं नसताना.

मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, भरवशावरही राहू नका. रुग्णालयातून आल्यावर नर्सिंग होमचे जास्तीत जास्त 100 दिवस, तेही पूर्ण खर्चाचे फक्त पहिले 20.

आधी मुखत्यारपत्र करा, आईला सगळं नीट समजतंय तोवर. घर बक्षीस देण्याचा अधिकार, अगदी मुखत्याराला स्वतःलासुद्धा, त्यात स्पष्ट लिहून घ्या. एल्डर लॉचाच, म्हणजे वृद्धांच्या प्रश्नांचे कायदे जाणणारा, वकील गाठा; घरखरेदीचे कागद करणारा नको.

आता खरी अवघड गोष्ट. सांभाळ करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घर दिलं तर दंडाचा काळ लागत नाही, अशी सवलत कायद्यातच आहे. अट अशी: नर्सिंग होममध्ये जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं ते अपत्य आईच्या घरात राहिलेलं हवं, आणि त्याच्या सेवेमुळेच आई घरी राहू शकली हे सिद्ध व्हायला हवं.

आपली कुटुंबं नेमकी इथेच अडकतात. आईला आपल्या घरी आणून तिचं घर बंद ठेवलंत, तर सवलत गेली. आणि सून धरत नाहीत. आंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं सगळं सुनेने केलं, मुलगा नुसता त्या घरात राहिला, तर कायद्याच्या लेखी सेवा झालीच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम हाच आहे. मुलाने स्वतः करावं, आणि केलेलं लिहून ठेवावं.

मी माझ्या आईच्या वेळी लिहिलं नव्हतं. अडीच वर्षं तिच्याजवळ राहिले, आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं ते तिला दाखल केल्यावर. त्यात एवढंच होतं, ‘मुलगी चांगली काळजी घेते.’ अर्ज परत आला. पत्रात हवं होतं ते वेगळंच: या दोन वर्षांत ही सेवा नसती तर रुग्णाला नर्सिंग होममध्येच ठेवावं लागलं असतं. जुनी टिपणं काढून ते पत्र नव्याने मिळवायला चार महिने गेले, आणि ते चार महिने मी नीट झोपले नाही. म्हणून सांगते, पहिल्याच तपासणीला डॉक्टरांशी बोला आणि दर सहा महिन्यांनी नोंद करून घ्या. ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न, बँकेची पत्रं सगळ्यांवर आईचाच पत्ता हवा. रोजची वही ठेवा: किती वाजता उठवलं, कुठे पडली, रात्री किती वेळा उठावं लागलं. पूर्णवेळ नोकरी असेल तर दिवसा आईजवळ कोण होतं, हा प्रश्न येणारच. त्याचंही उत्तर वहीत असू द्या.

बाबा त्याच घरात राहत असतील तर घाई करू नका, घर तोवर सुरक्षित आहे. पण घर शेवटपर्यंत आईच्याच नावावर राहिलं, तर तिच्या पश्चात राज्य खर्चाची वसुली त्यातून करतं. 1993 पासून तसा कायदाच आहे.

घर नावावर झालं की डीड, म्हणजे मालकीचा दस्त, काउंटीच्या कार्यालयात नोंदवा, घराचा विमा बदलून घ्या. वह्या मात्र जपून ठेवा.